बधिर चट्ट्याचा माग : डॉ. कमल रणदिवे यांचे संशोधन



त्वचा आणि केस यांच्या शास्त्रावर व्याख्यान आहे असे जाहीर झाल्यापासून मला भेटणाऱ्या मंडळींच्या चेहऱ्यावर एक प्रकारची आशा दिसू लागली आहे. कोणी टकलावरून हात फिरवीत उपाय विचारतो, कोणी खोबरेल की बदामाचे तेल असा प्रश्न टाकतो. खोबरेलापुरते उत्तर देऊन टाकतो. मुंबईतल्याच संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना केसातून निघून जाणारे प्रथिन कमी करते. सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलाला ते साधले नाही. आपल्या आज्या बरोबर होत्या, एवढे समाधान घेऊन आपण पुढे जाऊ. टकलावर माझ्यापाशी काही नाही.

आज मला बोलायचे आहे ते एका मराठी संशोधिकेविषयी. सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रे मोजण्यापासून तिची सुरुवात झाली, आणि पुढे आयुष्यातली कितीतरी वर्षे तिने एका अशा रोगापाठी घालवली की जो आपली पहिली वर्दी त्वचेवर देतो. डॉ. कमल रणदिवे यांचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. २०२१ साली त्यांच्या एकशेचाराव्या जन्मदिनी संगणकाच्या पडद्यावर त्यांचे चित्र झळकले, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून "कुष्ठरोगाची लस शोधणाऱ्या" असे त्यांचे वर्णन पुष्कळांच्या वाचनात आले. हे वर्णन नेमके नाही. खरी हकीकत त्याहून गुंतागुंतीची आहे आणि, माझ्या मते, अधिक सांगण्यासारखी आहे.

आधी शब्दांचा एक घोळ निस्तरला पाहिजे, कारण या घोळापायी आपल्याकडे मुलींची लग्ने मोडली आहेत. संस्कृतातला 'कुष्ठ' हा शब्द प्राकृतातून येता येता 'कोड' झाला. शब्द एकाच मुळाचे, पण आज ते ज्या दोन गोष्टींना लावले जातात त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पांढरे कोड म्हणजे त्वचेतल्या रंगपेशींचा नाश. तेथे जंतू नसतो, संसर्ग नसतो, आणि त्या जागी टाचणी टोचली तर माणूस "आई ग" म्हणतो. उपचाराने रंग परतू लागला तर तो पुष्कळदा केसांच्या मुळाभोवती ठिपक्याठिपक्यांनी परततो, कारण केसाच्या मुळाशी रंगपेशींचा एक राखीव साठा असतो. कुष्ठरोगाच्या चट्ट्याची गोष्ट निराळी. तो बहुधा फिकट किंवा तांबूस असतो, पुरता पांढरा नसतो; तेथे स्पर्श कळेनासा होतो, घाम येत नाही, आणि केस विरळ होतात. रोगाच्या पसरलेल्या प्रकारात भुवयांचे केस बाहेरच्या टोकाकडून गळू लागतात. डोक्याचे केस मात्र बहुतेक शाबूत राहतात. असे का, याचे उत्तर पुढे येईल. ते मोठे मजेदार आहे.

त्वचा म्हणजे शरीराला घातलेली पिशवी असे आपण समजतो. प्रौढ माणसाची त्वचा सोलून पसरली तर ती दीड ते दोन चौरस मीटर, म्हणजे एका माणसाच्या खाटेवरच्या चादरीएवढी भरेल. तिचा वरचा थर सुमारे महिनाभरात झडून नवा होतो. एवढ्या पसाऱ्यात मज्जातंतूंचे जाळे, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळे, रक्तवाहिन्या आणि शरीराचे पहारेकरी अशा सगळ्यांची वस्ती आहे. या वस्तीत कुष्ठाचा जंतू शिरतो तो अत्यंत सावकाश. पोटात सापडणारा साधा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो; क्षयाच्या जंतूला सुमारे वीस तास लागतात; कुष्ठाच्या जंतूला बारा ते चौदा दिवस. संसर्ग झाल्यापासून पहिला चट्टा दिसायला सरासरी पाच वर्षे, कधी कधी वीस वर्षेही लागतात. अशा जंतूचा अभ्यास करायचा म्हणजे अभ्यासकाजवळही तसाच चिवटपणा हवा.

नॉर्वेतल्या बर्गेन गावी हॅन्सेनने १८७३ साली हा जंतू पाहिला. माणसाच्या रोगाचे कारण म्हणून ओळखला गेलेला हा अगदी पहिल्या जंतूंपैकी एक; कॉखने क्षयाचा जंतू दाखवला तो त्यानंतर नऊ वर्षांनी. परंतु क्षयाचा जंतू बशीत वाढवता आला, हॅन्सेनचा वाढेना. जंतू बशीत वाढत नाही तोवर त्याच्यावर औषधांची परीक्षा करणे दुष्कर, लस करणे तर फारच दूर. जगभर शेकडो लोकांनी प्रयत्न केले. आपल्या बाबा आमट्यांनी तर जंतू वाढवण्याच्या प्रयोगासाठी स्वतःचे शरीर पुढे केले होते. तेथेही जंतू वाढले नाहीत.

आता मुंबईला येऊ. ठाणे-कल्याण-डोंबिवलीकरांपैकी किती तरी जण आयुष्यभर परळ स्टेशनावरून जा-ये करीत आले आहेत. त्या परळला १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय उघडले, आणि त्याच्या प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. खानोलकरांचा जन्म १८९५ चा, क्वेट्ट्याचा, शिक्षण लंडनचे. विकृतिशास्त्र, म्हणजे रोगाने शरीराच्या घडणीत काय बिघाड केला ते सूक्ष्मदर्शकाखाली वाचण्याचे शास्त्र, भारतात ज्यांनी रुजवले त्यांत त्यांचे नाव पहिले घेतात. कर्करोग हा त्यांचा मुख्य विषय, पण कुष्ठरोगावरही त्यांनी मनापासून काम केले. रोगाचे अगदी आरंभीचे चट्टे, जेथे डोळ्यांना जेमतेम काही दिसते तेथले त्वचेचे कण घेऊन त्यांनी ते तपासले. १९५१ मध्ये त्यावर त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. त्यांना जे दिसले त्याचा मथितार्थ असा की, हा रोग दिसतो त्वचेवर, पण जंतूची ओढ असते ती मज्जातंतूंकडे.

या एका गोष्टीचा अर्थ किती दूरवर जातो पाहा. कुष्ठरोग्याची बोटे 'झडतात' असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. बोटे झडत नाहीत. मज्जातंतू मेल्यामुळे हाताला चटका कळत नाही. चुलीवरचे पातेले उघड्या हाताने उचलले जाते. चपलेतला खिळा दिवसभर पायात रुतत राहतो आणि संध्याकाळी रक्त पाहून कळते. जखम चिघळते, हाड झिजते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी अशा वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया करून त्यांना पुन्हा कामाला लावले, ते याच समजुतीच्या जोरावर. वेदना नाहीशी होणे हेच या रोगातले मोठे संकट.

खानोलकरांच्या हाताखाली १९४० नंतरच्या दशकात एक तरुण स्त्री काम करू लागली. माहेरच्या कमल समर्थ. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७ चा. वडील दिनकरराव समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक. शाळा हुजूरपागा. मुलीने डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा. मुलीने प्राणी आणि वनस्पती निवडल्या. १९३९ साली गणिताचे अभ्यासक ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी विवाह झाला. १९४३ मध्ये पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातून त्या एम. एस्सी. झाल्या, विषय सीताफळ-रामफळाच्या कुळातली पेशीविद्या. मग मुंबई, टाटा रुग्णालय, आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट. तेथे त्यांचा विषय उंदरांतला स्तनाचा कर्करोग: आनुवंश, अंतःस्राव आणि विषाणू यांपैकी कोणाचा वाटा किती. संसार, मूल आणि प्रयोगशाळा एकाच वेळी सांभाळणे त्या काळी किती जणींना जमले असेल, याचा हिशेब सभेतल्या भगिनी माझ्यापेक्षा चांगला करतील.

डॉक्टरेटनंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला गेल्या. कल्याणात आपल्याला हे सांगायला नको की, आपल्या गावच्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये त्याच बाजूच्या फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या होत्या. आनंदीबाईंना परत येऊन काम करायला आयुष्य उरले नाही. कमलाबाईंना ते मिळाले. बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या ऊतिसंवर्धन शिकल्या. शब्द जड आहे, गोष्ट सोपी. शरीरातून पेशी काढायच्या, काचेच्या नळीत त्यांना ऊब आणि अन्न द्यायचे, आणि शरीराबाहेर जगवायच्या. याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या कर्करोगाच्या पेशी वाढल्या आणि जगभर गेल्या. त्या बाईला किंवा तिच्या घरच्यांना कोणी विचारले नव्हते, हेही या शास्त्राच्या इतिहासात लिहून ठेवले पाहिजे.

मायदेशी परतून कमलाबाईंनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली; देशातली त्या प्रकारची ही पहिली. आज पेशींचे अन्न तयार बाटल्यांतून मिळते. त्या काळी ते स्वतः बनवावे लागे, आणि मुंबईच्या दमट हवेत एक बुरशीचा कण महिन्याभराचे काम बुडवायला पुरे होई.

आणि आता १९५८. डॉ. बापट, डॉ. रणदिवे आणि डॉ. खानोलकर या तिघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. कुष्ठरोग्यांच्या त्वचेवरच्या गाठींत जंतूंची दाटी असते. त्या गाठींतून आपण जंतू मिळवला आणि तो शरीराबाहेर वाढवला, असे त्यात त्यांनी मांडले. युक्ती कोणती, तर मानवी गर्भाच्या पाठकण्यालगतच्या मज्जागुच्छांतील पेशींच्या संवर्धनाचा आधार. खानोलकरांनी सूक्ष्मदर्शकाखाली जे वाचले होते ते येथे कामी आले. जंतूला मज्जातंतू आवडतो ना, मग त्याच्या पानात तेच वाढू! गुरूची दृष्टी आणि शिष्येचे हात अशा रीतीने एका नळीत एकत्र आले. केंद्राच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून या जंतूला आय. सी. आर. सी. जंतू असे नाव पडले.

पंचाऐंशी वर्षांची कोंडी फुटली असे वाटण्यासारखा हा क्षण होता. पण विज्ञानात वाटण्याला किंमत नसते. प्रश्न आले. हा जंतू हॅन्सेनचाच कशावरून? त्वचेवर इतरही तशाच जातीचे जंतू वस्तीला असतात. त्यांपैकी एखादा पाहुणा तर नळीत शिरला नाही? हॅन्सेनचा जंतू बारा-चौदा दिवसांत दुप्पट होतो, मग हा कसा वाढतो? दोन वर्षांनी, १९६० मध्ये, अमेरिकेत शेपर्ड यांनी उंदराच्या तळपायात कुष्ठजंतू मर्यादित प्रमाणात वाढवून दाखवला. तळपायच का? तर तो शरीराच्या इतर भागांपेक्षा थंड असतो. या जंतूला उष्णता मानवत नाही. तीसच्या आसपास अंशांचे तापमान त्याला रुचते. मघाशी म्हटले त्याचे उत्तर हेच. कानाची पाळी, नाक, गाल, भुवया या थंड जागा त्याला आवडतात आणि केसांखालची उबदार टाळू तो सोडून देतो. १९७१ मध्ये असे दाखवले गेले की, खवल्याखवल्यांचे कवच असलेल्या आर्माडिलो नावाच्या अमेरिकन प्राण्यात तो भरपूर वाढतो. त्याचेही शरीर आपल्यापेक्षा थंड. तेव्हापासून खऱ्या कुष्ठजंतूचा साठा हाती येऊ लागला आणि ताडून पाहणे सोपे झाले. पुढील तपासात आय. सी. आर. सी. जंतू निराळ्या कुळातला, पक्ष्यांच्या क्षयाच्या जंतूच्या नात्यातला ठरला. २००१ मध्ये हॅन्सेनच्या जंतूचा सगळा आनुवंशिक लेख वाचला गेला तेव्हा दिसले की, त्यातला जवळजवळ अर्धा भाग निकामी होऊन पडला आहे. स्वतंत्रपणे जगण्याची साधनेच त्याने गमावली आहेत. यजमानाच्या पेशीवाचून त्याचे चालत नाही.

म्हणजे १९५८ चा मूळ दावा टिकला नाही. पण गोष्ट येथे संपत नाही. कमलाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जंतू टाकून दिला नाही. पिढ्यान्पिढ्या तो नळ्यांतून जपला गेला. कुष्ठजंतू असो वा नसो, कुष्ठरोग्याचे शरीर त्याला ओळखते की नाही हा प्रश्न निराळा होता आणि तो उपयोगाचा होता. देवीची लस गाईच्या देवीवरून आली हे आपल्याला माहीत आहे. नातलगाची ओळख पटली की शरीर खऱ्या शत्रूलाही अडवू शकते. १९७९ पासून त्याच संस्थेत डॉ. माधव देव यांनी हा जंतू किरणोत्सर्गाने मारून त्याची लस सिद्ध केली. लस देवांची, जंतू रणदिवे-बापट-खानोलकरांचा, असा हा हिशेब आहे. एकीचे नाव मोठे करण्यासाठी इतरांची पुसणे कमलाबाईंनाही आवडले नसते असे मला वाटते. त्यांचे निबंध पाहिले तर एकट्याच्या नावाचे थोडे सापडतात.

लस चालते का? तामिळनाडूत चेंगलपट्टू भागात सुमारे १ लाख ७१ हजार लोकांवर चार लशींची तुलना करण्यात आली. डॉ. मोहन गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या कामाचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. क्षयाच्या बी. सी. जी. लशीने कुष्ठरोगापासून ३४.१ टक्के संरक्षण दिले, बी. सी. जी. आणि मारलेला कुष्ठजंतू यांच्या मिश्रणाने ६४ टक्के; दिल्लीच्या एम. डब्ल्यू. जंतूच्या लशीने २५.७, आणि परळच्या आय. सी. आर. सी. लशीने ६५.५ टक्के. चारांत ती वरचढ ठरली. तरीही ती सरकारी कार्यक्रमात घराघरांत पोहोचली नाही. तोवर तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली होती, रुग्णसंख्या झपाट्याने खाली येत होती आणि लशीची निकड कोणाला भासेना. व्यवहाराच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. मला स्वतःला मात्र ते दूरदृष्टीचे वाटत नाही, कारण आजही देशात दरवर्षी एक लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपले आहेत. आपल्या ठाणे जिल्ह्याच्या आणि २०१४ मध्ये त्यातून वेगळ्या झालेल्या पालघरच्या आदिवासी पाड्यांवर हा रोग अजून आहे. २००५ च्या अखेरीस देशाने जे गाठले त्याचे नाव 'दुरीकरण': दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण. पुष्कळांनी ते 'निर्मूलन' असे वाचले आणि विषय मिटला असे धरून चालले.

या व्यासपीठापासून विषय किती जवळ आहे ते सांगतो. कल्याणच्या पत्रीपुलाजवळ हनुमाननगर ही कुष्ठरुग्णांची वसाहत आहे. लोकलच्या दारात उभे राहणाऱ्या कित्येकांनी तो पूल हजार वेळा पाहिला असेल, वसाहत एकदाही नाही. नौदलात नोकरी केलेले डोंबिवलीचे श्री. गजानन माने गेली कित्येक वर्षे त्या कुटुंबांसाठी झटत आहेत. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा कोठे आपल्या शहराला वसाहतीचा पत्ता कळला. तेथल्या बहुतेक वडीलधाऱ्यांचा जंतू केव्हाच मेलेला आहे. उरला आहे तो बधिर हात, आणि पत्ता सांगितला की समोरच्याचा बदलणारा चेहरा. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा, ज्यात त्यांना पकडून डांबण्याची तरतूद होती, तो रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून निघाले ते २०१९ मध्ये.

मुंबईच्या जुन्या कुष्ठधामाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. माटुंगा-वडाळ्याचे ते धाम १८९० चे, नाव ॲकवर्थ या पालिका आयुक्तांचे. हेच ते ॲकवर्थ, ज्यांनी शाळिग्रामांच्या सोबतीने मराठी पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये छापले. इंग्रज अधिकाऱ्याने एका हाताने आपले पोवाडे जपले आणि दुसऱ्या हाताने ज्यांना आपण रस्त्यावर सोडले होते त्यांना छप्पर दिले, असो.

कमलाबाई १९६६ ते १९७० या काळात त्या संशोधन केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पण मला त्यांच्या दोन उद्योगांचे अधिक वाटते. पहिला म्हणजे १९७३ मध्ये अकरा सहकारिणींसह त्यांनी सुरू केलेली भारतीय स्त्री वैज्ञानिक संघटना. तिचे मुख्यालय आपल्याच जिल्ह्यात, वाशीला आहे. तेथे पाळणाघर आहे, विज्ञान शिकणाऱ्या मुलींचे वसतिगृह आहे. प्रयोगशाळेत तासन्तास काढणाऱ्या बाईला आधी मुलासाठी जागा हवी असते, हे ज्यांनी भोगले त्यांनाच सुचू शकते. दुसरा उद्योग निवृत्तीनंतरचा. अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या आदिवासी मुलांचे पोषण त्यांनी मोजायला घेतले आणि गावच्या बायकांना आरोग्याची कामे शिकवली. सूक्ष्मदर्शकाची सवय असलेल्या बाईने वजनकाटा हाती घेतला.

चिटणीसांची चिठ्ठी आली आहे, म्हणून एवढेच सांगून थांबतो. अंगावर फिकट चट्टा दिसला आणि तेथे कापसाचा स्पर्श कळत नसेल, घाम येत नसेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवावे. औषध फुकट मिळते. चट्टे थोडे असतील तर सहा महिने, अधिक असतील तर बारा. पहिल्या काही मात्रांतच रोगी दुसऱ्याला संसर्ग देण्याचे थांबतो. तीन औषधांपैकी एकाने त्वचा काही काळ काळसर-तांबूस होते. त्याला घाबरून गोळ्या सोडू नयेत, रंग हळूहळू जातो. आणि हॅन्सेनने १८७३ मध्ये पाहिलेला तो जंतू काचेच्या बशीत अजूनही कोणाला वाढवता आलेला नाही.